यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या मुलांसाठी मोफत वर्ग काढायचे आहेत. कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी आणि कोणते विषय घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पाच मित्र, सगळे इंजिनिअर, सोलापुरात अशोक चौकाजवळ संध्याकाळी दोन तास शिकवणार. मुलं शहराच्या पूर्व भागातली, नीलम नगर आणि विडी घरकुल या कामगार वस्त्यांतली. इयत्ता विचारलीत तर नववी, विषय विचारलात तर गणित. पण एवढंच धरून बसलात तर तुमची मुलं बारावीला सत्तर-पंचाहत्तर टक्के पाडतील आणि जुलैत टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालत बसतील. कॉलेजची वाट अडते ती बहुतेक वेळा कागदांपाशी, आणि त्या कागदांचा वर्ग कुणीच घेत नाही.

नीलम नगरातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, पगार आठवड्याला हातात. बारावी सायन्सला एकाहत्तर टक्के, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला, शहाऐंशी पर्सेंटाइल. जात पद्मशाली, म्हणजे विशेष मागास प्रवर्ग. जातीचा दाखला दहावीतच काढलेला, त्यामुळे घरच्यांच्या मते विषय संपला होता. वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तो दाखला खरा असल्याची जात पडताळणी समितीची मोहोर, ही वेगळी भानगड आहे हे कळलं बारावीच्या जानेवारीत, कॉलेजच्या फलकावर टाचलेल्या एका नोटिशीवरून. अर्ज भरला, आणि समितीने त्रुटी काढली: १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा द्या.

आता हा पुरावा आणायचा कुठून? आजोबा तेलंगणातून आलेले, शाळेचं तोंड न पाहिलेले. वडिलांचा जन्म १९७४चा. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जात स्वच्छ लिहिलेली, पण तारीख १९६७ नंतरची. आधार, रेशनकार्ड, लाईटबिल यांचा इथे काडीचा उपयोग नाही. चालतं ते वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाचं जुनं कागदपत्र: शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, घराचा जुना कर उतारा, जुन्या मिलमधल्या नोकरीचं रेकॉर्ड. यातल्या शेवटच्या दोन्हींवर वास्तव्य सिद्ध होतं, जात होत नाही, म्हणून शाळेचा उतारा सगळ्यात वजनदार. आत्याचा चालतो, काकांचा चालतो, चुलत आजोबांचाही चालतो. मामाचा आणि आईकडच्या कुणाचाही चालत नाही. अर्धे पालक नेमके मामाचे कागद घेऊन येतात, कारण कागद जपून ठेवणारा माणूस मामाच असतो.

या मुलीच्या बाबतीत सापडले चुलत आजोबा. त्यांचं नाव १९६१ साली एका तेलुगू माध्यमाच्या शाळेत पहिलीला घातलेलं. रजिस्टर कपाटाच्या तळाशी, पानाचा खालचा कोपरा वाळवीने नेलेला, पण नोंद शाबूत. जातीच्या रकान्यात ‘हिंदू पद्मशाली’, जन्मस्थळ सोलापूर. अडलं ते आडनावावर. रजिस्टरात आडनाव मराठी कानाने ऐकून लिहिलेलं, मुलीच्या दाखल्यावर तेलुगू उच्चाराप्रमाणे, आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंगवरून उलटं मराठीत आलेलं तिसरंच. मग नमुना ३ मधलं वंशावळीचं शपथपत्र, नमुना १७ चं शपथपत्र, ‘ही तिन्ही नावं एकाच घराण्याची’ असं आणखी एक शपथपत्र, वर दक्षता पथकाची घरी येऊन चौकशी. उतारा देणाऱ्या लिपिकाने आधी ‘पालकाने स्वतः या’ म्हणून परत पाठवलं, मग ‘अर्ज टाइप करून आणा’ म्हणून. मागावरच्या माणसाची प्रत्येक खेपेला एक पाळी बुडते, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

प्रवेशाच्या वेळी समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र चाललं. पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र दाखल झालं नाही, की उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. तसंच झालं. शहरातली कॉम्प्युटरची जागा हातची गेली, पुढच्या फेरीत पंढरपूरच्या बाजूला दुसरी शाखा मिळाली, आणि रोज एवढ्या लांब मुलीला पाठवायला आई तयार नव्हती. वैधता आली सप्टेंबरात. मुलगी आज बीएस्सीला आहे.

आणि याच मुलीचा जूनमध्ये एका संस्थेने गुणवंत म्हणून सत्कार केला होता. शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि पाहुण्यांचं ‘मोठी स्वप्नं बघा’ हे भाषण. व्यासपीठावर बसलेल्या एकानेही ‘वैधता काढलीस का गं?’ एवढं विचारलं नाही. या विषयावर माझा काही मंडळींशी जुना वाद आहे. त्यांचं म्हणणं असं की दाखले काढणं हे एजंटाचं काम, सुशिक्षित माणसाने ज्ञान द्यावं. अहो, ज्ञान द्यायला यूट्यूब बसलंय. चुलत आजोबांचं रजिस्टर शोधायला यूट्यूब येणार नाही. आणि एजंट येतो तो पैसे घेऊन, आणि बऱ्याचदा उत्पन्नाचा आकडा मनाने टाकून. त्या आकड्यावर पुढची सगळी वर्षं निस्तरावी लागतात, कारण दरवर्षीच्या दाखल्यावर आकडे वर-खाली नाचलेले दिसले की शिष्यवृत्तीच्या तपासणीत प्रश्न येतात.

म्हणून नववीत मूल तुमच्याकडे आलं की पहिल्या आठवड्यात गणित काढू नका. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरवरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि जात बघा आणि आधारशी ताडून घ्या. पूर्व भागात आडनाव आधी की नंतर यात हमखास घोळ असतो. दुरुस्ती दहावीचा बोर्डाचा अर्ज भरायच्या आत झाली तर शाळेच्या पातळीवर निभावते. एकदा बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चुकीचं नाव छापलं की पुण्याच्या विभागीय मंडळापर्यंत जावं लागतं. आठवीचं मूल असेल आणि शाळा अनुदानित किंवा महापालिकेची असेल, तर एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि मूल कामाला न जाण्यासाठी घरात तेवढं कारण पुरतं.

दहावीत जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र. अकरावीत प्रवेश झाला रे झाला की वैधतेचा अर्ज, नमुना १६, कॉलेजच्या पत्रासह. सगळ्यात आधी घराण्यात वडिलांकडच्या कुणाकडे वैधता आहे का ते शोधा, असेल तर अर्धं काम झालं. ज्या तारखेआधीचं वास्तव्य दाखवायचं त्या तारखा प्रवर्गाप्रमाणे वेगळ्या आहेत: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास यांना १३ ऑक्टोबर १९६७. भिंतीवर फळा लावणार असाल तर त्यावर पायथागोरसच्या आधी या तारखा लिहा.

उत्पन्नाचा दाखला मात्र लवकर काढायचा नाही. तो ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीत हौसेने काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये रद्दी असतो. १ एप्रिल उलटला की लगेच अर्ज टाका. जूनमध्ये सेतूपुढे रांग लागते आणि सर्व्हरही बसतो. नॉन-क्रिमीलेअरला, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर सधन नाही हे सांगणाऱ्या प्रमाणपत्राला, तीन वर्षांचं उत्पन्न लागतं आणि प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध दिसलं पाहिजे. मागावरच्या कामगाराकडे पगारपत्रक नसतं, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याच्या अहवालावर काम होतं. विडी कामगार आईचं ओळखपत्र असेल तर त्याची झेरॉक्स फाइलीत ठेवाच. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण खात्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून. मात्र एका वर्षी दोन सरकारी शिष्यवृत्त्या गळ्यात घेतल्या तर एक परत जाते. कुठली मोठी त्याचा हिशोब आधी करा.

पैसे अडकतात ते बँकेत. ‘खातं आधारला लिंक आहे’ असं मूल सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेकडे जे खातं आधारला शेवटी जोडलेलं आहे त्यात जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेत उघडलेलं खातं कुणाच्या लक्षातही नसतं, आणि हप्ता तिथे जाऊन पडतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, तपासता येतं, पाच मिनिटांचं काम. दुसरं, अर्जावर नेटकॅफेवाल्याचा मोबाइल नंबर असतो. कॉलेजने त्रुटी काढून अर्ज परत पाठवला तर निरोप त्याच्या फोनवर, आणि मुलाला कळतं मुदत संपल्यावर. प्रत्येक मुलाचा स्वतःचा नंबर, युजरनेम, पासवर्ड एका वहीत लिहा आणि त्या नंबरचा रिचार्ज संपू देऊ नका. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, हेही दुसऱ्या वर्षाला कितीतरी मुलं विसरतात.

मुलींच्या पालकांना एक गोष्ट ठासून सांगा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, झालेला हवा. ‘फॉर्म भरायची कटकट कशाला, थेट संस्थेत घ्या’ असं सांगणारा माणूस भेटतोच, त्याचं ऐकलं की माफी गेली. आणि माफी म्हणजे सगळं फुकट असं नव्हे. अनामत, बस, वसतिगृह, एप्रन, पुस्तकं खिशातूनच. सीईटीचा अर्ज, कॅपची नोंदणी, जागा स्वीकारण्याचे पैसे असे आठशे-हजार करत उन्हाळ्यातच बरीच रक्कम जाते, शिष्यवृत्तीचा पहिला रुपया दिसण्याच्या कितीतरी आधी. तुम्ही पाच जण वर्गणी काढणार असाल तर ट्रॉफीवर न घालवता या फीसाठी बिनव्याजी उसनं द्या.

आता शिकवण्याबद्दल, कारण विचारलं तेच होतं. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे प्रश्न मराठी किंवा उर्दूतूनही मिळतात, गणित मात्र फक्त इंग्रजीत. तेलुगू घर, मराठी शाळा आणि इंग्रजी गणित अशी ही तीन मजली अडचण आहे. त्यामुळे नववीपासून गणिताची भाषा इंग्रजीत करून घ्या: प्रमेय तेच, पण ‘लंबदुभाजक’ म्हटल्यावर ‘पर्पेंडिक्युलर बायसेक्टर’ डोक्यात आलं पाहिजे. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे सांगूनही मुलं सोडतात. अकरावीच्या अभ्यासक्रमावर २० टक्के प्रश्न असतात आणि अकरावी ही आराम करायची इयत्ता असा सार्वत्रिक समज आहे. परीक्षा संगणकावर असते. माउस न धरलेलं मूल पहिली दहा मिनिटं स्क्रीनशी झगडण्यात घालवतं, तेव्हा दोन जुने संगणक मिळवा. सीईटीच्या नादात बारावी सोडू देऊ नका. इंजिनिअरिंगला मागास प्रवर्गासाठी बारावीच्या संबंधित विषयांत ४० टक्के लागतात.

आणि सगळ्यांना इंजिनिअर करायला निघू नका. तुम्ही पाचही इंजिनिअर आहात म्हणून सांगतो. कॉमर्सची मुलं बीसीए-बीबीएला जायची म्हणतात, पण २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे हे त्यांना निकालानंतर कळतं. दहावीनंतरचं पॉलिटेक्निक आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग ही वाट गरिबाच्या पोराला जास्त परवडते, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांत हातात काहीतरी असतं, पुढचं पुढे.

हे सगळं लिहिलं तरी नियम दरवर्षी थोडे हलतात. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळून प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर. म्हणून त्या-त्या वर्षाची माहिती पुस्तिका छापून घ्या, माझ्या उत्तरावर विसंबू नका. आणि ज्यांचे वडिलांकडचे सगळे कागद तयार आहेत अशी मुलंही असतात, त्यांना खरोखर फक्त शिकवणीच हवी असते.

पाचपैकी चौघांनी शिकवा, एकाने फाइली सांभाळा. तो एक असा निवडा ज्याला कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते दोन मोकळं राहता येतं. सेतू, प्रांत कार्यालय, जात पडताळणी समिती, शाळेचा लिपिक, यातलं एकही ठिकाण तुमच्या वर्गाच्या वेळेत उघडं नसतं.