सोफा भिंतीपासून पुढे ओढा

प्रश्न : निवृत्तीच्या पैशांतून तीन लाख रुपये चांगल्या स्टिरिओसाठी बाजूला ठेवलेत. पुण्यातल्या एका शोरूममध्ये स्पीकरच्या दोन जोड्या ऐकल्या. दुसरी जोडी बरीच महाग आहे, पण ती सुरू झाली आणि अंगावर काटा आला. शिवाय 40 हजारांची स्पीकर-वायर घेतल्याशिवाय आवाज खुलणार नाही, असं विक्रेते म्हणाले. आमचा हॉल 16 बाय 10 फुटांचा आहे, सोफा मागच्या भिंतीला लागून आहे. ऐकणं मुख्यतः खयाल आणि जुनं नाट्यसंगीत. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्या दिवशी लगेच पैसे दिले नाहीत, हे फार बरं केलंत. तुमच्या अंगावर काटा आला हे खरंच असणार. तो कशामुळे आला, एवढंच तपासायचं आहे.

दोन जोड्यांपैकी एक जराशी मोठ्याने वाजत असेल, अगदी एखाद्या डेसिबलचाच फरक असेल, तर कानाला ती ‘मोठी’ वाटत नाही, ‘स्वच्छ’ वाटते. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर तो किती मोठ्याने वाजतो ते, वेगवेगळी असते. एकाच व्हॉल्यूमवर 86 डेसिबलचा स्पीकर आणि 89 डेसिबलचा स्पीकर लावला, तर दुसरा आपसूक वरचढ ठरतो. पहिल्याला तेवढं वाजवायला अ‍ॅम्प्लिफायरकडून दुप्पट ताकद लागते. मी माझी पहिली चांगली जोडी अशाच एका दुकानात, अशाच तुलनेवर घेतली होती. घरी आणल्यावर आठवड्याभरात लक्षात आलं की तिच्यावर तंबोरा नुसता गुणगुणतो, त्यातली जवारी, म्हणजे तारेची ती झणझणीत आस, ऐकूच येत नाही. ते दुःख मला अजून आठवतं, म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

तर पुन्हा जा. जाताना रोज ऐकता तेच रेकॉर्डिंग न्या, दुकानातलं चकाचक डेमोचं संगीत नको. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या, बसायच्या जागी धरा आणि दोन्ही जोड्या सारख्या पातळीवर आणायला सांगा. खरा जाणकार विक्रेता याला कधीच नाही म्हणणार नाही. मग विलंबित खयालाची अगदी सुरुवात ऐका, जिथे अजून फक्त तंबोरे आहेत. चारही तारांचे आघात वेगवेगळे कळतात का? तार छेडल्यावर जवारीची ती झळाळी उमलत जाते का, की सगळं एकाच घोंगावण्यात मिसळतं? गायक ‘सा’ लावण्याआधी श्वास घेतो, तो ऐकू येतो का? पुढे तबला सुरू झाल्यावर बायाची, म्हणजे डग्ग्याची, घुमक ताणली जाते तेव्हा तिचा सूर कळतो, की नुसता धपका? एवढं अर्धा तास शांतपणे ऐकलंत, तर किमतीची चिठ्ठी न बघताही निवड होईल.

नाट्यसंगीताचा तर फार सुंदर उपयोग आहे. बालगंधर्वांच्या तबकड्या मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येतो. डोळे मिटून बसा : गाणं दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, जणू तिथे कुणी उभं राहून गातंय असं यायला हवं. ते एका बाजूला झुकत असेल तर मांडणी चुकली आहे. आणि आवाज पसरट होऊन नेमका कुठून येतो तेच कळत नसेल, खर्जही गायब असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. नामांकित दुकानांतही मी हे पाहिलंय. दोन मिनिटांत दुरुस्त होतं.

वायरचं म्हणाल, तर ते 40 हजार वाचवा. 2.5 चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर पाच मीटर टाकली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे 0.07 ओहम भरतो. समोर स्पीकर आहे 8 ओहमचा, म्हणजे वायरचा अडथळा नगण्यच. हाच पैसा स्पीकरमध्ये घाला. एकूण रकमेतला अर्ध्याहून अधिक वाटा स्पीकरलाच द्यावा, असं माझं मत आहे.

आता खरी गोष्ट, तुमचा हॉल. 16 फूट लांबीच्या खोलीत 70 हर्ट्झच्या आसपासचा सूर लांबीच्या दोन्ही भिंतींशी आणि बरोबर मध्यावर फुगतो, आणि दोन्ही भिंतींपासून चार-चार फुटांवर जवळजवळ नाहीसा होतो. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज किती? सुमारे 69 हर्ट्झ. म्हणजे भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर कोणताही स्पीकर लावलात, तरी खर्ज बदाबदा अंगावर येणार. सोफा पुढे ओढा, मागच्या भिंतीपासून साधारण सव्वापाच फुटांवर. स्पीकर समोरच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, एकमेकांपासून सहा-सात फूट, आणि तुमच्यापासून साधारण आठ-नऊ फुटांवर. जमिनीवर कागदी चिकटपट्टीने खुणा करा, चार-चार इंच सरकवा, पुन्हा ऐका. फरशीवर जाड सतरंजी हवीच. घरच्यांना सोफा मध्ये आलेला खपणार नाही याची कल्पना आहे. तर ऐकण्यापुरती एक खुर्ची तिथे ठेवा. आणि अनामत देऊन दोन दिवस स्पीकर घरी मिळतात का, ते आवर्जून विचारा. दुकानातल्या खोलीत आवाज शोषणारी पॅनेल बसवलेली असतात, तिथला निकाल तुमच्या हॉलला लागू पडेलच असं नाही.

प्रश्न : आजोबांच्या 78च्या तबकड्या सापडल्या आहेत. नवीन टर्नटेबलवर लावल्या तर चालतील का? वरची बुरशी कशाने पुसू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : टर्नटेबलला 78ची गती, म्हणजे मिनिटाला 78 फेरे, आहे का ते आधी बघा, बहुतेकांना फक्त 33 आणि 45 असते. गती असली तरी एलपीची सुई लावू नका. 78ची खाच कितीतरी रुंद, त्यात बारीक सुई तळाशी घासते आणि खरखर तेवढी उचलते. 78साठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते, तीच घ्या. आणि पुसायला स्पिरिट अजिबात वापरू नका. या तबकड्या लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार चपड्याचं, म्हणजे लाखेचंच, पॉलिश करतो ते असंच. कोमट पाण्यात शाम्पूचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल, मधलं लेबल कोरडं ठेवायचं, आणि लगेच सुती कापडाने टिपून सावलीत उभ्या वाळवायच्या.