आरोग्य-प्रश्नोत्तरे : पोटाचा घेर आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे, उंची १६७ सेंमी, वजन ८१ किलो आणि कमरेचा घेर १०२ सेंमी आहे. वार्षिक तपासणीत एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के, रक्तदाब १३८/८८ आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन ४८ (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन) आले. ईसीजी व स्ट्रेस टेस्ट व्यवस्थित आहेत. लठ्ठपणाचा परिणाम सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर सुरू झाला असावा, असे डॉक्टर म्हणतात. मला मधुमेह नसताना हे कसे घडते? – एक वाचक, सांगली

उत्तर : मधुमेह होतो आणि मग रक्तवाहिन्या बिघडतात, असा क्रम आपण गृहीत धरला आहे, बहुतेक जण तसाच धरतात. प्रत्यक्षात पोटातील चरबी वाढू लागली की साखर मधुमेहाच्या मर्यादेत जाण्याच्या बऱ्याच आधीपासून सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या कामात फरक पडू लागतो, आणि तो फरक स्वतःच पुढे साखर वाढण्याला हातभार लावतो.

रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात, त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैलावतात आणि रक्ताला वाट मिळते. (या वायूच्या कार्याच्या शोधासाठी १९९८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.) यकृत व आतड्यांभोवती साठलेली चरबी म्हणजे नुसती साठवण नव्हे. तिच्यातून मुक्त मेदाम्ले आणि दाह वाढवणारी प्रथिने रक्तात उतरत राहतात, तर रक्तवाहिन्यांना उपकारक असणारे अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक कमी होते. या सगळ्यामुळे नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण घटते आणि वाहिन्या गरजेच्या वेळी पुरेशा उघडत नाहीत.

आता इन्सुलिनकडे वळू. इन्सुलिन पेशींमध्ये साखर पोहोचवते, हे आपण जाणताच. पण जेवणानंतर ते स्नायूंमधील सूक्ष्म वाहिन्या उघडून स्वतःसाठी आणि साखरेसाठी मार्गही मोकळा करते, याची चर्चा क्वचितच होते. हे काम ते नायट्रिक ऑक्साइडच्या मदतीने करते. स्थूल व्यक्तीत इन्सुलिनचा हा मार्ग मंदावतो, मात्र वाहिनी आकुंचित करणारे एंडोथेलिन तयार करवणारा त्याचाच दुसरा मार्ग चालू राहतो. परिणामी, धरण भरलेले असूनही चारीच्या टोकाच्या शेताला पाणी मिळू नये, तशी स्नायूंची अवस्था होते. रक्तात साखरही असते आणि इन्सुलिनही, पण दोन्ही स्नायूपेशींपर्यंत उशिरा व अपुरी पोहोचतात. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते आणि काही वर्षे साखर जेमतेम आवाक्यात ठेवते. आपले ६.१ टक्के हे या टप्प्याचे द्योतक आहे. ५.७ ते ६.४ टक्के या पट्ट्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात.

रक्तदाबाचाही येथे संबंध आहे. वाहिन्या आखडलेल्या राहिल्या आणि केशवाहिन्यांचे जाळे विरळ होत गेले की रक्तप्रवाहाला होणारा विरोध वाढतो. मूत्रपिंडात मात्र चित्र थोडे उलटे असते. तेथील गाळण-गुच्छांमध्ये रक्त आणणारी वाहिनी आखडण्याऐवजी रुंदावते, गुच्छातील दाब वाढतो, गाळण गरजेपेक्षा जास्त होते आणि कालांतराने अल्ब्युमिन झिरपू लागते. तरीही एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा कठोर व्यायाम यांमुळेही हा आकडा वाढतो. पुढील ३ ते ६ महिन्यांत पुन्हा तपासणी करावी. ३ पैकी २ नमुन्यांत तो ३० किंवा अधिक आला तरच तो ग्राह्य धरतात. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट मुख्यतः हृदयाच्या मोठ्या धमन्यांतील अडथळ्यांचा अंदाज देतात. त्या व्यवस्थित आल्या याचे समाधान जरूर मानावे, परंतु त्यावरून सूक्ष्म वाहिन्या निर्दोष ठरत नाहीत.

उपायांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात (२००२) सुमारे ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम ही उद्दिष्टे ठेवणाऱ्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या बाबतीत ७ टक्के म्हणजे साधारण साडेपाच ते सहा किलो. चेन्नईत झालेल्या भारतीय अभ्यासात (२००६) आहार-व्यायामाच्या गटातील घट २८.५ टक्के होती, आणि विशेष असे की तेथे वजन फारसे कमी झालेच नव्हते. त्यामुळे दर आठवड्याला काट्यावर उभे राहून निराश होण्याचे कारण नाही. चालताना स्नायूंतील रक्तप्रवाह वाढतो, त्याचा लाभ वजन हलण्याआधीच मिळू लागतो आणि व्यायामानंतर सुमारे एक दिवस इन्सुलिनला स्नायूंचा प्रतिसाद सुधारलेला राहतो. म्हणूनच रविवारी एकदम तीन तास चालण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक उपयोगी. तंबाखू वा मिश्रीची सवय असल्यास ती सोडावी, मीठ कमी करावे आणि रक्तदाबाच्या औषधाचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

प्रश्न : माझे वजन ५५ किलो व उंची १५८ सेंमी आहे. सर्वजण मला सडपातळ म्हणतात, पण कमरेचा घेर ८६ सेंमी भरतो. मी काळजी करावी का? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपला बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) २२ आहे, म्हणजे भारतीयांसाठी ठरवलेल्या २३ या मर्यादेच्या आत, घेर मात्र स्त्रियांसाठीच्या ८० सेंमीच्या मर्यादेबाहेर आहे (पुरुषांसाठी ती ९० सेंमी). पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकाच टेपही महत्त्वाचा आहे. घाबरण्याचे कारण नाही, पण उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब तपासून घ्यावेत. स्नायूंचे वजन वाढवणारे व्यायाम आणि आहारात पुरेशी प्रथिने यांवर आपण भर द्यावा. उपासाने वजन आणखी घटवणे आपल्यासाठी योग्य नव्हे.

प्रश्न : लायपोसक्शनने पोटाची चरबी काढून टाकल्यास साखर आणि रक्तदाब सुधारतील का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : त्या अपेक्षेने करू नये. २००४ मध्ये अमेरिकेत १५ स्थूल महिलांची मोठ्या प्रमाणावरील लायपोसक्शननंतर तपासणी झाली. किलोच्या किलो चरबी निघूनही इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, दाहाचे निर्देशक आणि रक्तदाब यांत लक्षणीय फरक आढळला नाही. या शस्त्रक्रियेत त्वचेखालची चरबी निघते. यकृतातील आणि आतड्यांभोवतीची चरबी जागेवरच राहते. जठरावर होणारी बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया ही वेगळी बाब आहे. तिच्यामुळे एकूण आहारच घटतो आणि साखर सुधारते, परंतु ती ठरावीक निकषांत बसणाऱ्या रुग्णांसाठीच असते.