क्रेनचा पट्टा आला नाही, वादळ मात्र आलं

प्रश्न: मी पुण्यात राहणारा निवृत्त अभियंता. माझी 26 फुटी, फायबरची, शिडाची होडी दापोली तालुक्यातल्या एका खाडीत खासगी बोटयार्डच्या धक्क्याला असते. वर्षाचे 90,000 रुपये आगाऊ भरतो. 20 मेपर्यंत होडी पाण्याबाहेर काढून ठेवणं त्यातच आलं. यंदा, 2025 मध्ये, यार्डने ती काढलीच नाही. 24 मेच्या वाऱ्यात ती धक्क्यावर आपटून उजवी बाजू फुटली, डोलकाठी कोसळली, सुकाणू वाकलं. आता यार्डवाले म्हणतात, दुरुस्ती आम्हीच करणार, 4 लाख 80 हजार लागतील. आमच्याविरुद्ध तक्रार नाही असं लिहून द्या, तोवर होडी हलणार नाही. करारात 'होडी मालकाच्या जोखमीवर' असं वाक्य आहे. विमा कंपनीने 1 लाख 60 हजार देऊ केलेत. डोलकाठीची तार आधीच गंजलेली होती म्हणे. आणि 'पूर्ण व अंतिम' अशा पावतीवर सही मागताहेत. काय करू?

उत्तर: पहिली गोष्ट, यार्डला 'तक्रार नाही' असं एका ओळीतही लिहून देऊ नका. तुम्हाला ही दोन वेगळी भांडणं वाटतात, पण ती एकमेकांत अडकलेली आहेत. विमा कंपनीने तुमची भरपाई केली की यार्डकडून वसुली करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. सागरी विमा कायदा, 1963 चं कलम 79 तेच सांगतं. तुम्ही आधीच यार्डला मोकळं केलंत, तर कंपनी म्हणणार, आमच्या वसुलीची वाट तुम्हीच बंद केलीत, आता आमच्याकडे कशाला येता? म्हणजे होडी सोडवून आणण्याच्या घाईत दोन्ही दारं लागतील.

आता यार्ड. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने ती साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तशी सांभाळली पाहिजे, हे भारतीय करार कायद्याचं कलम 151. पण होडी खरंच यार्डच्या 'ताब्यात' होती की तुम्ही नुसती धक्क्यावरची जागा भाड्याने घेतली होती, यावर इथे बरंच अवलंबून आहे. नुसती जागा असेल तर दोर घट्ट आहेत का, हे बघणं तुमचं काम. तुमच्या पत्रात दोन तपशील आहेत, ते तुम्ही सहज लिहिलेत, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचे आहेत: केबिनची किल्ली यार्डच्या मुकादमाकडे असते, आणि भरती-ओहोटीप्रमाणे दोर सैल-घट्ट त्यांचीच माणसं करतात. याला ताबाच म्हणतात.

'मालकाच्या जोखमीवर' या वाक्याने घाबरू नका. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या पार्किंगमधून पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती. किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली, आणि पावतीवर असंच वाक्य. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितलं की ताबा घेतल्यावर पुरेशी काळजी घेतली हे हॉटेलनेच दाखवायचं. स्वतःचा हलगर्जीपणा त्या वाक्याआड लपवता येत नाही.

मग यार्ड म्हणेल, देवाची करणी. मान्सून मुंबईत नेहमीच्या 11 जूनऐवजी 26 मेलाच पोहोचला, त्याला आम्ही काय करणार? पाऊस लवकर आला हे खरंच. पण होडी 20 तारखेला वर काढायची होती, आणि कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं ते 24 तारखेला. करार पाळला असता तर त्या दिवशी होडी धक्क्यावर नसती, लाकडी ठोकळ्यांवर जमिनीवर असती. शिवाय कर्नाटकातल्या एका बस अपघाताच्या खटल्यात 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की ज्या वाऱ्या-वादळाचा अंदाज बांधता येण्यासारखा होता, ते देवाच्या करणीत बसत नाही. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असे इशारे त्या आठवड्यात दिले गेले होते. कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे 20 ते 25 मेची अधिकृत माहिती लेखी मागा. वर्तमानपत्राच्या कात्रणापेक्षा तिचं वजन जास्त.

आणि तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे यार्डकडून आलेला 19 मेचा व्हॉट्सॲप निरोप: 'काका, क्रेनचा पट्टा आला नाही, दोन दिवसांत काढतो.' (कोकणातले 'दोन दिवस' किती लांबतात हे तुम्हाला मी सांगायला नको.) अडचण वादळाची नव्हती, होडी उचलायच्या पट्ट्याची होती, हे त्यांनीच लिहून दिलंय. नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. न्यायालयात तो निरोप दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे मूळ फोन जपा.

होडी अडवून ठेवण्याबद्दल. करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे कारागिराला वस्तू अडवता येते, पण त्या वस्तूवर केलेल्या कामाच्या पैशासाठी. न केलेल्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासाठी नाही. धक्केवाल्याला जुन्या बाकीसाठीही माल धरून ठेवायचा हक्क कलम 171 देतं, पण तुम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, बाकी कसली? वादळानंतर होडी वर काढण्याचं वेगळं बिल लावलं आणि होडी तातडीने हवी असेल, तर 'हरकत राखून' असं पावतीवर लिहून भरा. वाद नंतर घालता येतो.

विम्याबाबत मात्र मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. तुम्ही पाठवलेला तारेच्या तुटलेल्या टोकाचा फोटो मी मोठा करून पाहिला. बऱ्याच धाग्यांची टोकं चकचकीत आहेत, म्हणजे ती ताजी तुटलेली. पण पाच-सहा टोकं तपकिरी आहेत, ती आधीपासूनच तुटलेली असावीत. वापराने झालेली झीज विम्यात बसत नाही, त्यामुळे तारेच्या, फार तर डोलकाठीच्या रकमेत विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरला थोडं कापायला जागा आहे. फुटलेली बाजू आणि वाकलेलं सुकाणू यांचा त्या तारेशी काय संबंध? ते नुकसान आपटण्याने झालं. सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा आणि ही विभागणी कशी केली ते विचारा. जुन्याच्या जागी नवा भाग बसवताना कपात करायची की नाही, हे पॉलिसीत बघा. होडी कोणत्या महिन्यांत पाण्यात ठेवायची मुभा आहे तेही. तारेचं ते टोक तारीख लिहून पिशवीत ठेवा. यार्डमध्ये नको, घरी.

'पूर्ण व अंतिम' पावतीवर सही झाली म्हणून हक्क आपोआप संपत नाही. ती दबावाखाली घेतली असेल तर न्यायालयं ती बाजूला ठेवतात. विमा नियामकानेही 2015 च्या परिपत्रकात कंपन्यांना अशा पावत्यांवरून ताकीद दिली आहे. पण दबाव तुम्हालाच सिद्ध करावा लागतो. त्यापेक्षा 'ही रक्कम अंशतः, हरकत राखून स्वीकारतो' असं पत्र आत्ताच द्या.

दुरुस्ती मोठ्या प्रमाणावर इतक्यात सुरू करू नका. आपटलेल्या फायबरच्या थरांत पाणी शिरलेलं असतं, ते पूर्ण सुकल्याशिवाय वर नवीन मॅट-रेझिन (फायबरचं कापड आणि राळ) चढवलं तर पुढच्या मोसमात पापुद्रे सुटतात. कोकणातल्या पावसाळी हवेत ते सुकणार कधी? तेव्हा सध्या भोकावर तात्पुरतं झाकण, ताडपत्री, केबिनमधलं पाणी काढणं एवढंच करा, आणि एवढं कराच. नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर आहे, त्याचा खर्च मागता येतो. हर्णै-दाभोळकडे मासेमारीच्या होड्यांचं फायबरकाम करणाऱ्या दोन कारागिरांकडून लेखी अंदाज घ्या. यार्डचे 4 लाख 80 हजार किती खरे, तिथेच कळेल.

तक्रार कुठे? विमा लोकपाल स्वस्त आणि सोपा आहे, पण तिथे यार्डला ओढता येत नाही. माझं मत पुणे जिल्हा ग्राहक आयोगाच्या बाजूने. तुम्ही पुण्यात राहता म्हणून तिथे दाखल करता येतं, यार्ड आणि विमा कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष करता येतं, आणि शुल्क तुम्ही भरलेल्या पैशांवर ठरतं. विम्याचा हप्ता आणि यार्डचे 90,000 मिळून 5 लाखांच्या आत असतील तर शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची. यार्डविरुद्ध ती 24 मे 2027 च्या आत धरून चला. होडीतून पैसे घेऊन पर्यटक फिरवत असाल तर मला आधी कळवा, मग 'ग्राहक' कोण हा प्रश्न उभा राहतो आणि मांडणी बदलावी लागेल.

त्याआधी या आठवड्यात यार्डला वकिलामार्फत नोटीस द्या: 15 दिवसांत होडीचा ताबा द्यावा, होडीला हात लावू नये, भरपाई द्यावी. तिची प्रत विमा कंपनीलाही पाठवा, म्हणजे त्यांचा वसुलीचा हक्क तुम्ही जपलात हे कागदावर राहील.