चार एकर कपाशीचे ठिबक: नळीच्या आधी विहिरीचा हिशेब

भाऊ, आपण विचारले आहे की राळेगावकडच्या चार एकर भारी काळ्या जमिनीत कपाशीसाठी विक्रेत्याने दिलेला ठिबकचा आराखडा स्वीकारावा का. त्यात चार फुटांवर नळ्या, ४० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचे ड्रिपर (नळीवरची थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडे) आणि चार एकरांना मिळून दोनच व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे एका वेळी दोन एकर चालवावे लागतात. माझ्या मते हा आराखडा आपल्या पंपाला झेपणार नाही.

पंपाच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ४८ सेकंदांत भरतो, असे आपण लिहिले आहे. म्हणजे ताशी १५,००० लिटर, आणि ठिबकच्या दाबावर हा आकडा आणखी उतरेल. चार फुटांच्या अंतराने एकरी सुमारे ३,३०० मीटर नळी बसते, तिच्यावर ८,३०० च्या आसपास ड्रिपर येतात आणि ते ताशी ३३,००० लिटर पाणी मागतात. दोन एकर एकदम चालवले, तर मागणी ६६,००० लिटरवर जाते. मग दाबच तयार होत नाही. व्हॉल्व्हजवळची पऱ्हाटी (कपाशीची झाडे) पाण्यावर माजते आणि धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची, तहानेने पाते (फुलांच्या कळ्या) गाळते.

हे मी स्वतः भोगले आहे. माझ्या शेतात पहिल्यांदा एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत १२० मीटरच्या सलग नळ्या टाकून दिल्या होत्या, आणि शेवटच्या पट्ट्यात दरवर्षी वेचणी कमीच भरत असे. मी मात्र दोन वर्षे बियाण्याला दोष देत राहिलो. पुढे सबमेन (नळ्यांना पाणी पुरवणारा जाड पाइप) शेताच्या मधोमध नेऊन दोन्ही बाजूंना ६० मीटरच्या नळ्या काढल्या. नळीची लांबी निम्मी झाली की तिच्यातून वाहणारे पाणीही निम्मे होते, त्यामुळे घर्षणाने होणारी दाबाची घट सहा ते सात पटींनी कमी होते. खर्च वाढला तो सबमेनच्या पाइपाचा आणि चर खोदण्याचा.

भारी काळ्या जमिनीत पाणी आडवे पसरते, म्हणून आपल्याकडे पाच फुटांवर नळी आणि ५० सेंटिमीटरवर ताशी २ लिटरचा ड्रिपर पुरेल; बरड, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीसाठी हा सल्ला मी दिला नसता, कारण तेथे पाणी सरळ खाली जाते. या मांडणीत एकरी नळी सुमारे २,६५० मीटरवर येते, म्हणजे सर्वांत मोठ्या खर्चात पाचव्या हिश्श्याची बचत होते, आणि एकराला एक व्हॉल्व्ह ठेवण्यासाठी जे दोन जादा व्हॉल्व्ह लागतील, त्यांचा भार त्यातून बराच हलका होतो. एकराची मागणी ताशी १०,६०० लिटर राहते. बोंडे भरताना, ऑक्टोबरात, पिकाला दिवसाला साधारण ४ मिलिमीटर, म्हणजे एकरी १६,००० लिटर पाणी लागते. ते दीड तासात मिळते आणि चारही व्हॉल्व्ह सहा तासांत उरकतात, त्यामुळे आठ तासांच्या विजेत थोडी सवडही राहते. थोडे थोडे पाणी रोज मिळाल्याने, लांबलेल्या ताणानंतर एकदम भरपूर पाणी बसून येणारी आकस्मिक मर (झाडे अचानक सुकणे) हीही टळते. विहिरीला रोज ६४,००० लिटरची झिर आहे का, म्हणजे तेवढे पाणी रोज नव्याने पाझरून येते का, हे मात्र आधी पाहावे. नसेल, तर यंदा दोन-तीन एकरांवरच ठिबक करावे.

अनुदान मिळते म्हणून जास्त नळी घेण्याचा मोह टाळावा. जोडणी झाल्यावर पैसे चुकते करण्यापूर्वी एकाच नळीच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली सारख्याच बाटल्या ठेवून पाणी मोजावे, आणि फरक दहा टक्क्यांहून जास्त निघाला, तर विक्रेत्याकडून मांडणी दुरुस्त करून घ्यावी.