काकांना गालाचा कॅन्सर आहे, इंदूरमध्ये रोबोटिक सर्जरीसाठी थांबावं का? ऑपरेशन रोबोटच करतो का?
नाही हो, रोबोट स्वतःहून काहीच करत नाही, सर्जन कन्सोलवर, म्हणजे कंट्रोलच्या यंत्रावर बसून बोटं हलवतो तशी ती बारीक हत्यारं हलतात, आणि त्याआधी त्याने सिम्युलेटरवर, मग सीनियरच्या देखरेखीत हात बसवलेला असतो. पण रोबोट मुख्यतः जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलशी कामाचा, गालाला सहसा लागत नाही, थांबू नका. आपल्याकडे गुटख्यामुळे गालाचेच जास्त, त्याने तोंड आखडून माझ्या मामांच्या तोंडात दोन बोटंही जात नव्हती. मानेतल्या लसिका ग्रंथींचं (लिम्फ नोड्स, तिथे कॅन्सर पसरू शकतो) मात्र नक्की विचारा, टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या अभ्यासात, कॅन्सर सुरुवातीचा असताना मानेत गाठ हाताला लागायची वाट न बघता त्या ग्रंथी आधीच काढल्या तर ३ वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते, वाट बघितलेल्यांत ६७.५.