पणजोबा कुठल्या कपाटात सापडतील?

गणपती जवळ आले की या सदराची पत्रं डबल होतात. चाकरमानी गावी येणार, हातात चार दिवस, त्यातले निम्मे सुट्टीचे, आणि उरलेल्या दोन दिवसांत सगळ्यांना सगळे कागद पाहिजेत. म्हणून या वेळी चार प्रश्न आधीच घेतोय.

अण्णा, पणजोबांच्या जन्माची नोंद पाहिजे. जन्म १९०५ ते १९१० मधला असावा. ग्रामपंचायतीत विचारलं तर एवढं जुनं आमच्याकडे नाही म्हणाले. म्हणजे नोंदच नाही असं समजायचं का?
– एक वाचक, तालुका संगमेश्वर, सध्या डोंबिवली

समजू नका! ग्रामपंचायतीने खोटं नाही सांगितलं, फक्त पुढचं दार दाखवायचं राहिलं. जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा १९६९ चा, आणि आपल्या ग्रामपंचायती १९५८ च्या कायद्याने चालतात. तुमच्या पणजोबांच्या काळात गावात कोण जन्मलं कोण गेलं हे पोलीस पाटील-कोतवाल लिहून तालुक्याला पाठवायचे, त्या वहीला गाव नमुना १४ म्हणतात, जुनी माणसं अजून कोतवाल बुक म्हणतात, आणि ती असते तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. तिथे अर्ज करा, नक्कल मागा.

पण जाण्याआधी दोन-तीन गोष्टी ऐका. मी स्वतः एकतीस वर्षं गावचं दप्तर सांभाळलंय त्यामुळे लोक कुठे अडकतात ते माहितेय. या वहीत पणजोबांचं नाव शोधू नका, बऱ्याचदा ते नसतंच कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. तिथे बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं "मुलगा" एवढंच मिळतं, तेव्हा खापरपणजोबांच्या नावाने शोधा. सापडलं नाही तर पणजोबांच्या आजोळचं गाव काढून बघा, बाळंतपणाला बाई माहेरी जायची ना, मग नोंद तिकडे. आणि अक्षर मोडी असणार. सगळ्यांना वाचता येत नाही म्हणून मोडी वाचणारा माणूस सोबत न्या, राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, तिथून शिकलेली पोरं आता तालुक्याला सापडतात.

ते नाही जमलं तर मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. फक्त तिथल्या जन्मतारखेवर फार जीव टाकू नका, गुरुजींनी पोराचा दात आणि उंची बघून १ जून टाकून दिलेला असतो, निम्म्या कोकणाचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. कागद म्हणून मात्र जुन्या शाळेची नोंद चालते, जातीच्या दाखल्याला तर हमखास विचारतात.

रेकॉर्ड रूममध्ये पानं वाळवीने खाल्लेली निघाली तर? निघतात. आपल्याकडचा पाऊस आणि कौलातली गळती, दुसरं काय होणार. तरी "अभिलेख उपलब्ध नाही" असं लेखी घ्याच, तोंडी ऐकून परत फिरू नका, पुढे प्रत्येक ठिकाणी तो कागद लागतो.

आमच्या गावात एका घराला अजून "खोताचं घर" म्हणतात. घाटावरच्या मित्रांच्या गावात पाटील असतो. खोत म्हणजे आपला पाटीलच का?
– एक वाचक, तालुका गुहागर

नाही हो. घाटावर रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याचं खातं थेट सरकारशी. आपल्याकडे रत्नागिरी-कुलाब्यात (म्हणजे आत्ताच्या रायगडात) बऱ्याच गावांत मध्ये खोत बसलेला. सरकारला गावचा सारा तो भरणार आणि कुळांकडून, म्हणजे जमीन कसणाऱ्यांकडून, तो स्वतःची वसुली करणार, वर वेठबिगार, घरची कामं ते वेगळंच. इंग्रजांनी १८८० मध्ये खोती सेटलमेंट ॲक्ट करून हे कागदावर बसवलं.

मग लोक उठले. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून जमिनी कसायच्याच नाहीत म्हणून संप केला, नारायण नागू पाटील पुढे होते, १९३९ पर्यंत चालला तो, सहा वर्षं शेतं ओसाड ठेवायची म्हणजे काय खाल्लं असेल त्या लोकांनी याचा विचार करा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, त्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. कायद्याने खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

हे इतक्या लांबणीने सांगतोय कारण तुमच्या सातबाऱ्यात ते अजून आहे. इतर हक्कात एखादं "कूळ" नाव दिसतंय का बघा. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक ठरली, पण किंमत भरून कूळ कायद्याच्या कलम ३२ म चं, म्हणजे जमीन खरेदीचं, सर्टिफिकेट घ्यायचं होतं, आणि माझ्या पाहण्यात कितीतरी घरांत कर्ता माणूस गिरणीत, गावी म्हातारी एकटी, कोणी गेलंच नाही घ्यायला. आज नातवंडं धावतायत. जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलांच्या नोंदी, काढा, एकेक नाव कधी चढलं कधी उतरलं सगळं त्यात आहे, गावचा एवढा खरा इतिहास कोणी तोंडाने सांगणार नाही, खोताचं घर तर मुळीच नाही.

आजीच्या ट्रंकेत एक कागद मिळाला, त्यावर "संस्थान जंजिरा" लिहिलंय. आमचं गाव म्हसळा तालुक्यात, जिल्हा रायगड. कागद खोटा म्हणून परत करतील का?
– एक वाचक, मुंबई

कशाला करतील. म्हसळा-मुरूड-श्रीवर्धन हा पट्टा सिद्दी नवाबाच्या संस्थानात होता, १९४८ ला विलीन झाला, मग कुलाबा जिल्हा आणि १९८१ पासून रायगड नाव. पेशव्यांचं मूळ गाव श्रीवर्धन, तेही सिद्दीच्याच मुलखात. असंच सावंतवाडी, तेही १९४८ पर्यंत संस्थान. आणि सिंधुदुर्गवाल्यांनो, तुमचा जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, आजोबांच्या कागदावर रत्नागिरी दिसलं तर दचकू नका. फक्त आजीचा कागद लॅमिनेट करू नका, प्लीज. घडीवर फाटला तर फाटू दे, आधी दोन झेरॉक्स आणि फोनवर फोटो.

घराचा ८ चा उतारा मागितला तर एका ऑफिसातून दुसऱ्यात पाठवतात. शिवाय तलाठ्याच्या दारावरची पाटीच बदललीये, तलाठी गेला कुठे?
– एक वाचक, तालुका देवगड

तलाठी तिथेच आहे, त्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ग्रामसेवकाचं पण ग्रामपंचायत अधिकारी झालंय. टेबल तेच, पंखा तोच.

गोंधळ होतो तो "अ" मुळे. नमुना ८ म्हणजे घराचा असेसमेंट उतारा, घरपट्टीवाला, तो ग्रामपंचायतीत. ८अ म्हणजे जमिनीचं खातं, ते तलाठ्याकडे, ऑनलाइन पण निघतं. तुम्हाला घराचा पाहिजे तर ग्रामपंचायत, आणि जाताना घरपट्टी भरलेली पावती न्या, थकबाकी असेल तर पहिलं तेच काढतील. अर्ज दिला की पोच घ्या तारीख-शिक्क्यासकट, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदतीत दिलं नाही तर त्या पोचेवरच अपील होतं. आणि कृपा करून गौरी विसर्जनाच्या दिवशी जाऊ नका, तिथे कोणी भेटणार नाही, मी पण नसायचो.