सीआर४ला थेट हात लावू नकोस
लिनक्सच्या एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीच्या) कोडमधली रजिस्टरची साफसफाई हाती घेतलीस, छान केलंस. पण इनलाइन असेंब्लीतून, म्हणजे सी कोडमध्येच घुसवलेल्या प्रोसेसरच्या सूचनांतून, सीआर४ या प्रोसेसरच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये थेट लिहिलेलं दिसलं की थांब. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक सीपीयूसाठी सीआर४ची एक प्रत मेमरीत ठेवतो. थेट लिहिलं तर ती प्रत जुनीच राहते, आणि पुढचं कुठलं तरी फंक्शन तिच्या भरवशावर तुझा बिट पुसून टाकतं. असा बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो! बिट लावायचं तयार फंक्शन वापर: ते इंटरप्ट बंद करतं, बिट आधीच लागलेला असेल तर लिहीतच नाही, नाहीतर प्रत आणि रजिस्टर दोन्ही बदलतं. नुसती नावं बदलणारा पॅच वेगळाच ठेव. त्याचं आधीचं आणि नंतरचं मशीन कोड ऑब्जडंप या मशीन कोड उलगडून दाखवणाऱ्या साधनाने ताडून बघ, एकाही इन्स्ट्रक्शनचा फरक दिसता कामा नये.